डोळ्यात स्टिरॉईडचे ड्रॉप घालताय? मग डोळ्याचं प्रेशर मोजून घ्या

उन्हाळा लागला की भाच्याचे डोळे लाल व्हायचे, पोरगा दिवसभर चोळत बसायचा आणि ताई मेडिकलमधून तीच जुनी बाटली आणायची, चिठ्ठी कोण विचारतंय. दोन दिवसात खाज गायब. तिसऱ्या उन्हाळ्यात डोळ्याच्या डॉक्टरांनी प्रेशर मोजलं तर ३४ निघालं (नॉर्मल साधारण १० ते २१), आणि पोराला ना दुखत होतं ना काही.

तर आधी घरातली बाटली घ्या आणि मोठं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचा, दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून झूम करा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, डायफ्लुप्रेडनेट, यातलं काही असलं की ते स्टिरॉईड. आमची बाटली "अँटिबायोटिक आहे" म्हणून दिलेली, मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या शेजारी डेक्सामेथासोन गुपचूप बसलेलं! फ्लोरोमेथोलोन आणि लोटेप्रेडनॉल त्यातल्या त्यात सौम्य, पण बिनधास्त राहण्याइतके नाहीत. पापणीला लावायचं क्रीम, दम्याचा पंप, गोळ्या, यातही स्टिरॉईड असू शकतं, तेही डॉक्टरांना सांगा.

होतं काय, डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) बाहेर जायची जी जाळी असते ती स्टिरॉईडने तुंबते, पाणी साचतं आणि मागची नजरेची नस दबते. सगळ्यांना होत नाही, तिघातल्या एखाद्याचं प्रेशर थोडं वाढतं, शंभरात पाचेक जणांचं मात्र भरपूर. घरात कुणाला काचबिंदू असेल, पेशंटला स्वतःला शुगर किंवा मोठा मायनस नंबर असेल किंवा पेशंट लहान मूल असेल तर जास्त जपा.

वाढायला बहुतेकदा दोन ते सहा आठवडे लागतात, मुलांमध्ये त्याआधीही, म्हणून ड्रॉप सुरू करतानाच एकदा मोजायचं आणि दोनेक आठवड्यांनी परत. हवेचा फुस्स मारणाऱ्या मशीनवर पोरं दचकतात, आकडा जास्त आला तर निळ्या लाईटवाल्या मशीनवर परत मोजायला सांगा, नसही बघून घ्या.

आणि हे वाचून घाबरून ड्रॉप फेकू नका, ऑपरेशननंतरचे तर नाहीच, आणि स्टिरॉईडच्या गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं. डॉक्टरच औषध बदलून देतात. बंद केल्यावर काही आठवड्यात प्रेशर बहुतेक वेळा उतरतं, नसेचं गेलेलं मात्र परत येत नाही. प्रेशर उतरवायला टायमोलॉल लिहून दिलं आणि पेशंटला दमा असेल तर तिथल्या तिथे बोला, त्याने दमा उसळतो.