यीस्टचं वय मोजताना खाल्लेले गोते

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी विषय घेतला: वार्धक्य लांबवणारी संयुगं यीस्टवर तपासणं. घरी आजीनं विचारलं, "ब्रेडच्या त्या पावडरीला म्हातारपण येतं होय?"

येतं, आणि दोन तऱ्हांनी येतं. आई पेशीला कळ्या फुटून मुली होतात. साधारण पंचवीस मुली झाल्या की ती थकते, हे एक वय. हे मोजायचं तर सूक्ष्मदर्शकाखाली दर दीड-दोन तासांनी बारीक सुईनं मुलगी बाजूला करत बसावं लागतं. सोलापुरात आमच्या कॉलेजात ती सोय नव्हती, आणि चाळीस नमुने असे तपासायचे म्हणजे जन्म जायचा. दुसरं वय सोपं आहे: वाढ थांबलेल्या पेशी त्याच माध्यमात (म्हणजे ज्या पोषक द्रावणात वाढल्या त्यात) किती दिवस तग धरतात. अनेक संयुगं चाळायची असतील तर हाच रस्ता धरा.

यीस्ट नवी पेठेतल्या दुकानातून आणू नका. त्याची जनुकं कुणाला ठाऊक? पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) संग्रहातून किंवा ओळखीच्या प्रयोगशाळेतून नोंद असलेला स्ट्रेन, म्हणजे वाण, घ्या. माझ्याकडे बीवाय ४७४१ होता. त्याला हिस्टिडीन, ल्युसीन, मिथिओनीन आणि युरॅसिल बाहेरून द्यावं लागतं. यात हात आखडला तर पेशी उपासमारीनं लवकर मरतात आणि आपण म्हणतो म्हातारी झाली.

रोजचं काम कंटाळवाणं आहे. ३० अंशांवर वाढवायचं, तिसऱ्या दिवसाची जिवंत पेशींची संख्या १०० टक्के धरायची, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं काढून, दहापट-दहापट पातळ करून प्लेटवर पसरायचं आणि दोन दिवसांनी वसाहती, म्हणजे एकेका जिवंत पेशीपासून वाढलेले ठिपके, मोजायच्या. प्लेट उलटी धरून पेनानं टिकल्या मारत मोजा, नाहीतर एकच वसाहत दोनदा मोजली जाते. जानेवारीत माझा बारावा दिवस नेमका गड्ड्याच्या जत्रेत आला. मैत्रिणी होम मैदानावर पाळण्यात आणि मी टिकल्या मारतेय.

खरी फजिती एप्रिलमध्ये झाली. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये पहिला मोठा फेरा लावला आणि जे जे चांगलं दिसलं ते सगळं कडेच्या खाचांत! सोलापूरचा उन्हाळा, कोरडी हवा, इन्क्युबेटरमध्ये पाण्याचं भांडं ठेवायचं मी विसरले होते. कडेचं माध्यम आटत होतं, आतलं तसंच होतं. तेव्हापासून कडेच्या ३६ खाचांत नुसतं निर्जंतुक पाणी भरते आणि आतल्या ६०च वापरते. नमुन्यांच्या जागाही दर वेळी बदलते.

दुसरा गोता डाळिंबाचा. आपल्या जिल्ह्यातलं फळ, म्हणून रस आणि साल एकत्र उकळून अर्क केला. आंबट होता, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड घालून उदासीन केला. नवव्या दिवशी कंट्रोल (तुलनेसाठीच्या, अर्क न घातलेल्या पेशी) जवळजवळ संपला होता आणि डाळिंबवाल्या पेशी ठणठणीत! मी पेढे आणायला निघाले होते. मॅडमनी एवढंच विचारलं, "पीएच बघितलास?"

पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट. पट्टी बुडवली. कंट्रोल ३ च्या आसपास, अर्काचा ६ च्या जवळ. यीस्ट साखर खाताना ॲसिटिक आम्ल सोडतं. आंबट माध्यमात ते सहज पेशीत शिरून तिला मारतं. पीएच वर असला की त्याचा बराचसा भाग आत जाऊच शकत नाही. डाळिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल असतं. त्यात मी अल्कली ओतून नकळत बफरच, म्हणजे पीएच फारसा हलू न देणारं मिश्रण, तयार केला होता. शिवाय रसाची साखर मी हिशेबातच धरली नव्हती.

या क्षेत्रात मोठ्या माणसांनाही अडचणी आल्यात. २००३ साली द्राक्षांच्या सालीत असणाऱ्या रेसव्हेरॅट्रॉल या संयुगानं यीस्टचं आयुष्य ७० टक्क्यांपर्यंत वाढतं असं गाजलं. २००५ मध्ये दुसऱ्या गटाला वेगळ्या स्ट्रेन्समध्ये तो परिणाम दिसला नाही. म्हणून एका स्ट्रेनवर विसंबू नका. याउलट रॅपामायसिन हे औषध. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं, ते ज्याला अडवतं त्या टॉर या पेशीची वाढ सांभाळणाऱ्या प्रथिनाची जनुकं १९९१ साली यीस्टमध्येच सापडली, आणि २००९ मध्ये वयस्क उंदरांचं आयुष्यही त्यानं वाढलं. प्रत्येक प्लेटवर धन कंट्रोल म्हणून (ज्याचा परिणाम दिसायलाच हवा असा नमुना) ते ठेवा, आणि संयुग ज्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवलंय तेवढाच डीएमएसओ कंट्रोलमध्येही घाला. फेऱ्यात रॅपामायसिनच चाललं नाही तर बाकीचे आकडे बघूच नका. मी तसे तीन फेरे फेकून दिले.

मे महिन्यात डाळिंबाचा प्रयोग पुन्हा लावला. या वेळी कंट्रोलही त्याच सायट्रेट बफरमध्ये, तेवढीच साखर घालून. नवव्या दिवशी दोन्ही रेषा एकमेकींवर चढल्या होत्या. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांना मी दोन्ही आलेख शेजारी शेजारी दाखवले. त्यांनी पहिल्यावर बोट ठेवून विचारलं, "हा का ठेवलास?" मी एप्रिलची सगळी गोष्ट सांगितली, अगदी पेढ्यांसकट. पुढचे दहा मिनिटं ते फक्त पीएचवरच विचारत बसले.