बेंगळुरात नवीन आलाय? मग कोल्हापूरचं विमान पकडण्याआधी हे वाचा

बेंगळुरात नोकरीला लागून पंधरा दिवस झाले की गावाकडची पोरं हमखास विचारतात, "दादा, विमानानं कोल्हापूर किती लांब?" नकाशावर सरळ रेघ मारली तर साधारण ५३० किलोमीटर. रस्त्यानं सहाशेच्या आसपास. कुठं २८६ दिसलं तर हुरळू नका, ते सागरी मैल आहेत, १.८५२ नं गुणा.

तिकिटावर दीड तासाच्या आगंमागं लिहिलेलं असतं. एवढ्याशा अंतराला इतका वेळ का? विमान एटीआर असलं तर ते पंख्याचं, ताशी पाचशेच्या आसपास जाणारं. शिवाय ती वेळ विमान जागेवरनं हलल्यापासून तिकडं जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं त्यातच आलं.

खरा हिशोब घरापासून करा. इलेक्ट्रॉनिक सिटीत राहत असाल तर देवनहळ्ळीच्या विमानतळावर पोचायला दोन-अडीच तास धरा; वायुवज्र बस आहे, टॅक्सीच्या नादाला लागू नका. बॅग घेणारा काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोचायचं. दीड तास विमान. बॅग येईपर्यंत वीस मिनिटं. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरनं, गावात मंगळवार पेठेत अर्धा तास. झाले की नाही सहा तास? रात्रीची बस दहा-अकरा तास घेते, पण ते तुम्ही झोपेत काढता. साध्या सुट्टीला मी अजून बसनंच जातो.

पहिल्या वर्षी मला हे कळत नव्हतं. जुलैत बाबांना फोन केला, "दीड तासात पोचतो." बाबा छत्री घेऊन, स्कूटरवरनं उजळाईवाडीला हजर. वर ढग इतके खाली आलेले की विमान दोन घिरट्या मारून माघारी बेंगळुरात. बाबा घरी जाऊन जेवले, झोपले. मी आनंदराव सर्कलला बस धरली आणि सकाळी तावडे हॉटेलपाशी उतरलो. "आलास का दीड तासात?" एवढंच म्हणाले. आजही घरात कोणाला उशीर झाला की हेच विचारतात. तेव्हा पावसाळ्यात लग्न-बारशाच्या दिवशीचं विमान काढू नका, आदल्या दिवशीचं काढा.

स्वस्त दिसतं म्हणून हैदराबादवरनं जाणारं तिकीट घेणारेही भेटतात. बेंगळूर-हैदराबाद साधारण ४५५ किलोमीटर, तिथनं कोल्हापूर ४४५. म्हणजे ५३० च्या जागी ९००, वर मधे तीन तास बसून महागडा चहा. त्यापेक्षा बेळगावचं बघा. सांबऱ्याला उतरलं की हायवेनं दोन-अडीच तासात कोल्हापूर.

परत येताना आई बॅग भरणार, ते काय चुकत नाही. कांदा-लसूण चटणी हातातल्या पिशवीत ठेवू नका, तिखट केबिनमध्ये चालत नाही; चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र त्या बॅगेतही घेत नाहीत, त्यातलं तेल पेट घेतं म्हणून. माझ्या चार वाट्या मागं काढून ठेवल्यात. आईला सांगा, खोबरं मसाल्यात कुटूनच दे.