स्वस्त कनेक्टिंग तिकीट काढताना या चुका टाळा

सुट्ट्या जवळ आल्या की माझ्या व्हॉट्सॲपवर तिकिटांच्या स्क्रीनशॉटचा रतीब सुरू होतो. मुंबई ते अमुक, जाऊन-येऊन, बाकीच्यांपेक्षा इतक्या हजारांनी स्वस्त, आणि खाली एकच प्रश्न: "काढू का?" मी किमतीकडे बघत नाही. आधी विचारतो, पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर, एक आहे की दोन? यावर बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते कुठे दिसतं?"

दोन तिकिटं जोडून केलेलं कनेक्शन

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, आणि सगळ्यांत जास्त दिसणारीही. तिकिटांच्या साइट दोन वेगळ्या कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटं एकाखाली एक मांडून दाखवतात. कुठेतरी बारीक अक्षरांत 'सेल्फ ट्रान्सफर' असं लिहिलेलं असतं. म्हणजे पहिलं विमान टेकलं की पहिल्या कंपनीचा तुमच्याशी संबंध संपला. इमिग्रेशनमधून त्या देशात शिरा, बेल्टवरून बॅगा उचला, परत चेक-इन, परत सिक्युरिटी. पहिलं विमान चार तास उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत आणि तिकीट गेलं. एकाच पीएनआरवर असलात तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी असते. तिकीट स्वस्त असतं ते ही जबाबदारी तुमच्या गळ्यात घातलेली असते म्हणून.

माझ्या भाच्याचं सांगतो. नवरा-बायको स्पेनला निघाले होते. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, आला होता, हॉटेलं ठरली होती. तिकीट मुंबई ते लंडन हीथ्रो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लंडन ल्यूटनहून स्वस्तातल्या विमानाने बार्सिलोना. येतानाही तसंच. दोघांचे मिळून बावीस हजार वाचले, म्हणून स्वारी खूश. मुंबईच्या सहार विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट चाळले, परत चाळले आणि विचारलं, "यूकेचा व्हिसा?"

"आम्हाला लंडनला राहायचं नाही. फक्त विमान बदलायचंय."

"हो सर, पण ल्यूटनला जायला एअरपोर्टच्या बाहेर पडावं लागेल ना?"

हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला, ल्यूटन उत्तरेला, मध्ये पन्नासेक किलोमीटर. ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हता, त्यामुळे स्पेनचा व्हिसा तिथे चालत नाही. आणि कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीलाच दंड होतो, म्हणून काउंटरवर कितीही गयावया केली तरी बोर्डिंग पास मिळत नाही. रात्री पाऊण वाजता मला फोन. "मामा, तुझी एअरपोर्टवर कुणाशी ओळख आहे का?" असती तरी मी काय करणार होतो? येतानाचा मार्गही लंडनचाच, त्यामुळे सगळंच तिकीट वाया. दोन दिवसांनी आखातातून जाणारं, एका पीएनआरचं तिकीट ऐनवेळच्या भावाने घेतलं, त्यात लाखाच्या वर गेले. बार्सिलोनातल्या हॉटेलच्या पहिल्या दोन रात्री बुडाल्या त्या वेगळ्याच.

मला राग येतो तो घाईचा. 'या भावात फक्त २ सीट शिल्लक' असं लाल अक्षरांत दिसलं की शिकलेसवरलेले लोक दहा मिनिटं थांबत नाहीत. ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे मधल्या देशात विमान बदलण्यापुरता व्हिसा, लागतो का, हे त्या देशाच्या सरकारी साइटवर बघायला तेवढाच वेळ लागतो. कुणाच्या व्हिडिओत सांगितलंय म्हणून नव्हे, सरकारी साइटवर, आणि तेही तिकीट काढायच्या आदल्या दिवशी, कारण हे नियम बदलत राहतात. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, पण ती गृहीत धरू नका. एक खास सापळा आहे: मुंबई–पॅरिस–फ्रँकफर्ट–शिकागो असलं तिकीट. पॅरिस ते फ्रँकफर्ट हा शेंगेनमधला अंतर्गत प्रवास, म्हणजे पॅरिसलाच इमिग्रेशन ओलांडावं लागतं. तिथे शेंगेन व्हिसा हवाच, पीएनआर एक असला तरी.

१६ एप्रिल २०२४ ला दुबईत विक्रमी पाऊस पडून धावपट्टीवर पाणी साचलं, हजाराच्या वर उड्डाणं रद्द झाली. अशा वेळी एका तिकिटावरच्या लोकांचेही हाल झालेच, पण त्यांना रांगेत उभं राहायला निदान एक काउंटर होता.

सेल्फ ट्रान्सफर करायचाच असेल तर माझी पद्धत सांगतो: मधल्या देशाचा व्हिसा हातात, मध्ये पूर्ण रात्र, आणि सामान फक्त पाठीवर मावेल एवढं. यातलं एक जरी जमत नसेल तर मी त्या वाटेला जात नाही.

"दीड तास पुष्कळ आहे"

हे वाक्य बोलणाऱ्याचं स्वतःचं वय तीस असतं आणि प्रवास करणारे आई-बाबा सत्तरीचे असतात. मुलगा ऑस्टिनला बसून आई-बाबांचं तिकीट काढतो: मुंबई ते नेवार्क, दीड तासाने नेवार्क ते ऑस्टिन. साइटने दाखवलं म्हणजे जमत असणार! साइट दाखवते ते विमानतळाच्या किमान वेळेच्या हिशोबाने. त्या हिशोबात बाबांचा गुडघा धरलेला नसतो.

अमेरिकेत पहिल्या विमानतळावर उतरलात की, पुढचं विमान देशांतर्गत असलं तरी, इमिग्रेशन तिथेच होतं. त्याच वेळी आणखी दोन-तीन मोठी विमानं उतरली असतील तर रांग वळणावळणाने मागे जाते. मग बॅगा बेल्टवरून उचलायच्या. मुंबईत 'थेट ऑस्टिनपर्यंत' असा टॅग लावलेला असला तरी उचलायच्या, हे कुणी सांगितलेलं नसतं. कस्टम्स ओलांडून त्या परत जमा करायच्या, गाडीने दुसऱ्या टर्मिनलला जायचं, परत सिक्युरिटी. सोळा तास बसून आलेल्या, इंग्रजीत चाचरणाऱ्या माणसाने हे सगळं दीड तासात करायचं? तीन तासांपेक्षा कमी वेळ मी कुणाच्याच आई-बाबांसाठी घेत नाही. दिवसातलं शेवटचं विमानही घेत नाही, कारण ते चुकलं तर रात्र खुर्चीत.

अबुधाबीचा मार्ग इथे वेगळा पडतो. अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीलाच उरकतं, मग पलीकडे तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. फक्त अबुधाबीला त्यासाठी वेळ ठेवा.

आणि व्हीलचेअर मागा, तिकीट काढतानाच. "मी रोज पर्वती चढतो, मला काय करायची व्हीलचेअर?" असं बाबा म्हणतील. त्यांना सांगा की ती चालता येत नाही म्हणून नाही, सोबत वाट दाखवणारा माणूस मिळतो म्हणून घ्यायची.

तासाचा भाव न काढणं

मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान साधारण सोळा तासांचं. समोर सत्तावीस तासांचं तिकीट आहे, १४,००० ने स्वस्त. म्हणजे अकरा तास जास्त, तासाला पावणेतेराशे वाचले. बरं वाटतं. आता त्यातून मधल्या थांब्यावरचं दोन वेळचं खाणं काढा, चार-पाच तास पाठ टेकायला झोपायची केबिन घेतली तर ती काढा. सहा हजार सहज गेले. उरला भाव तासाला सव्वासातशे. एवढ्यासाठी मी रात्री तीन वाजता लोखंडी खुर्चीच्या हातात पाय अडकवून झोपणार नाही. पण कर्ज काढून शिकायला निघालेल्या बाविशीतल्या पोराला मी हेच तिकीट घे म्हणतो. त्याची पाठ शाबूत आहे आणि चौदा हजारांत त्याचा महिन्याचा किराणा येतो.

उलटही खरं आहे. थेट विमान म्हणजे सुख, असं नाही. मधल्या सीटवर सोळा तास बसून पाय सुजणारे लोक मला माहीत आहेत. आखातात तीन-चार तासांचा थांबा, जरा चालणं, तोंडावर पाणी मारणं, हा माझ्या मते जास्त माणसात राहून केलेला प्रवास.

पुणेकरांनी हिशोब दारापासून दारापर्यंत करावा. मुंबईची टॅक्सी, शुक्रवारी संध्याकाळी खंडाळ्याच्या घाटातली रांग, त्यामुळे पाच तास आधी निघणं, हे सगळं त्या 'स्वस्त' तिकिटात धरा. मग पुणे–दिल्लीचा तुकडा एकाच पीएनआरमध्ये असलेलं जरा महाग तिकीट कधीकधी परवडतं.

बाकीच्या, थोडक्यात

तारीख. १५ तारखेला ००:४० चं विमान म्हणजे १४ च्या रात्री घरातून निघायचं. १५ च्या रात्री जेवून विमानतळावर पोचणारे लोक दर वर्षी निघतातच.

विमानतळ तपासा. इस्तंबूलचा मोठा विमानतळ युरोपच्या बाजूला, सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. आता मुंबईतही टी-१, टी-२ आणि नवी मुंबई आहेच.

पुणे–दिल्ली वेगळं तिकीट काढलंत तर तिथे साधारण १५ किलो चालतात, पुढे अमेरिकेला २३ च्या दोन बॅगा. मधल्या एकतीस किलोंचे पैसे काउंटरवर भरावे लागतात.

पहिला तुकडा सोडून मधूनच बसायचा शहाणपणा करू नका. पहिल्या विमानात दिसला नाहीत की पुढचं सगळं तिकीट, परतीच्यासकट, रद्द होतं.

संयुक्त अरब अमिरातीत खसखस बेकायदा आहे. दुबईमार्गे जाताना अनारसे घरीच खा. बॅग थेट पुढे जाणार असली तरीसुद्धा.

आणि अनोळखी साइटवरून घेतलेलं तिकीट. बदलायची वेळ आली की विमान कंपनी म्हणते एजंटला विचारा, एजंटचा फोन लागत नाही. फरक दोन हजारांच्या आत असेल तर मी गुमान कंपनीच्याच साइटवरून काढतो.