एका बाईंसमोर साठ पोरं? शिक्षक वाढवून घ्यायला हे करा

झेडपी किंवा नगरपालिकेच्या शाळेत मूल असेल आणि वर्ग खच्चून भरलेला असेल तर मुख्याध्यापकांशी भांडून उपयोग नाही, शिक्षक देणं त्यांच्या हातात नसतं. शिक्षक किती हे ठरतं संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या पटावरून (मुलांच्या संख्येवरून) शिक्षकांची पदं मंजूर करणाऱ्या सरकारी कागदात. म्हणून आधी शाळेत जाऊन चालू वर्षाची संचमान्यता बघायला मागा, पट किती, मंजूर पदं किती, भरलेली किती, सगळं त्यात असतं. दाखवत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका.

मग आरटीई कायदा २००९ चं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, परिशिष्ट शेजारी ठेवा. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५, आणि पट १५० च्या वर गेला की मुख्याध्यापक वेगळा. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे निदान एक. खरी गोम इथे आहे, पहिली-पाचवीचा हा हिशोब शाळेच्या एकूण पटावर होतो, एकेका वर्गावर नाही. म्हणजे पट ११८ असेल तर शिक्षक चार आणि वर्ग पाच, मग कोणीतरी दोन वर्ग एकत्र घेऊन बसणार आणि कागदावर सगळं नियमात! म्हणून अर्जात नुसतं "वर्गात गर्दी आहे" लिहू नका, साहेब सरासरी दाखवून मोकळे होतात. नेमकं कुठे अडलंय ते शोधून तेच लिहा.

पद मंजूरच नसेल तर पटाकडे बघा. साधारण सप्टेंबरअखेरचा पट धरतात, आणि आधार जुळत नसेल तर वर्गात रोज बसणारं पोरगंही मोजणीतून गळू शकतं. नावातली वेलांटी चुकलेली, जन्मतारीख वेगळी, एवढंच कारण असतं बऱ्याचदा. ११८ आणि १२१ मध्ये तीन पोरांचा फरक आहे, पण कायद्याच्या तक्त्यात तो एका अख्ख्या शिक्षकाचा फरक आहे, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्येच पालकांनी मिळून ही दुरुस्ती करून घ्या. राज्याचे संचमान्यतेचे निकष शासन निर्णयाने बदलत असतात, त्या वर्षीचा जीआर मुख्याध्यापकांकडून घेऊन वाचाच.

पद मंजूर आहे पण रिकामं आहे, तर तुमची बाजू एकदम भक्कम. आरटीईचं कलम २६ म्हणतं शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नयेत, आणि चार शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी म्हणजे सरळ २५ टक्के. शिक्षक कागदावर तुमच्याकडे आणि बसतो पंचायत समितीच्या ऑफिसात, असंही असतं. तिथे कलम २७ लावा, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बिगर-शैक्षणिक कामाला शिक्षक लावता येत नाही.

शिक्षक आहेत पण खोली नाही म्हणून दोन तुकड्या एकत्र बसवल्यात? परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली सांगितलीय. ही मागणी शाळा विकास आराखड्यात घालून घ्या.

एकट्याने अर्ज करत बसू नका हो. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालकच असतात, तिथे आकड्यांसकट ठराव करा, प्रोसिडिंगला (बैठकीच्या वहीत) नोंद झाली का ते बघा, आणि ठरावाची प्रत केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि झेडपीच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. शहरात असाल तर पालिकेच्या शिक्षण विभागाला. पोच घेतल्याशिवाय हलू नका, कारण कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली की तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो आणि तारीख त्या पोचेवरच मोजली जाते. नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

शिक्षक येईपर्यंत मुख्याध्यापकांना एवढी विनंती नक्की करा, आहेत त्यातले एक शिक्षक पहिलीला पूर्णवेळ द्या, जोडवर्ग करायचाच तर चौथी-पाचवीचा करा. ती पोरं थोडा वेळ आपापली वाचत बसू शकतात, पहिलीतल्या पोराला पेन्सिल कशी धरायची हे कोणीतरी शेजारी बसूनच दाखवावं लागतं.