वसाहतीची सुरक्षा : नाशिककरांनी या चुका टाळाव्यात

नाशिकमधील एखाद्या वसाहतीत घरफोडी झाली की दुसऱ्याच दिवशी रहिवाशांची बैठक होते, वर्गणी ठरते आणि चार नवे कॅमेरे बसतात. कॅमेऱ्यांचा उपयोग आहेच. परंतु घर आठवडाभर बंद राहणार हे शेजाऱ्यांना का ठाऊक नव्हते आणि गल्लीत घिरट्या घालणारी अनोळखी दुचाकी अनेकांनी पाहूनही कोणी कळवली का नाही, या प्रश्नांवर त्या बैठकीत फारसे बोलले जात नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या वस्त्यांमध्ये साधनांपेक्षा माहिती वेळेवर आणि योग्य ठिकाणी पोहोचण्याचा अभाव अधिक आहे, आणि पुढील बहुतेक चुका त्यातूनच घडतात.

कुलूप भक्कम, कोयंडा कच्चा

घरफोडीच्या बातम्यांत ‘कडी-कोयंडा तोडून’ हे शब्द वारंवार येतात, तरीही आपण पैसे खर्च करतो ते कुलपावर. महागडे कुलूप आखूड स्क्रूंनी बसवलेल्या कोयंड्यात अडकवले तर चोराला कुलपाला हात लावण्याची गरजच पडत नाही. पहारीच्या एका हिसक्यात कोयंडा चौकटीतून निघून येतो. कोयंडा आरपार बोल्टने बसवून घ्यावा आणि शक्य असेल तेथे दाराच्या आत बसणारे कुलूप वापरावे, म्हणजे घर बंद असल्याची खूण बाहेरून दिसत नाही. सिडकोच्या योजनांमध्ये आणि जुन्या रो-हाऊसच्या रांगांमध्ये गच्च्या एकमेकींना लागून असतात, त्यामुळे एका घराच्या जिन्यावरून चढलेला माणूस पुढच्या घरांच्या गच्चीवर सहज पोहोचतो. तरीही गच्चीचे दार बहुतेक ठिकाणी साध्या कडीवरच असते.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना बाहेरचा दिवा सतत चालू ठेवण्याची पद्धत आहे. भर दुपारी जळणारा दिवा घर रिकामे असल्याचेच सांगतो. त्यापेक्षा शेजाऱ्यांकडे संध्याकाळी दिवा लावण्याचे आणि वर्तमानपत्र उचलण्याचे काम सोपवावे, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत आणि प्रवासाची छायाचित्रे परतल्यानंतर टाकावीत. चावी मीटरच्या पेटीत किंवा चपलांच्या कपाटात ठेवू नये; चोर प्रथम तेथेच पाहतो.

कॅमेरा आहे, पण चित्रीकरण नाही

चोरीनंतर पोलीस चित्रीकरण मागतात तेव्हा अनेक इमारतींमध्ये असे उघड होते की एक कॅमेरा कधीपासूनच बंद आहे, दुसऱ्यासमोर झाडाची फांदी वाढली आहे आणि डीव्हीआरचा, म्हणजे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राचा, पासवर्ड फक्त ते बसवून गेलेल्या तंत्रज्ञाला माहीत आहे. हार्ड डिस्क भरली की जुने चित्रीकरण आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे नोंदले जाते, त्यामुळे सुट्टीवरून परतल्यावर चोरी लक्षात येईपर्यंत नेमका हवा तो दिवस नाहीसा झालेला असू शकतो. आपल्या यंत्रणेत किती दिवसांचे चित्रीकरण राहते हे पदाधिकाऱ्यांनी आजच पाहून ठेवावे.

घड्याळाची चूक तर जवळजवळ कोणाच्याच लक्षात येत नाही. वीज वारंवार गेल्यावर अनेक डीव्हीआरमधील वेळ मागे-पुढे होते. तपासात एका इमारतीतील चित्रीकरण पुढच्या चौकातील कॅमेऱ्याशी जुळवून संशयिताचा मार्ग शोधला जातो. त्यात अर्ध्या तासाची तफावत असली तर तो माग तुटतो किंवा भलत्याच वाहनाकडे वळतो. महिन्यातून एकदा वेळ तपासणे, भिंगावरची धूळ आणि कोळिष्टके पुसणे आणि मागच्या आठवड्यातील एखाद्या रात्रीचे चित्रीकरण प्रत्यक्ष उघडून पाहणे, एवढे काम एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे. ‘सगळे मिळून पाहू’ असे ठरले की कोणीच पाहत नाही.

दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरील कॅमेऱ्यात टोपी किंवा हेल्मेट दिसते, चेहरा दिसत नाही. म्हणून फाटकाजवळ एक कॅमेरा कमी उंचीवर असावा. डीव्हीआर फाटकाशेजारच्या खोलीत उघड्यावर ठेवू नये, कारण जाताना चोर तोच उचलून नेतात. चित्रीकरण देताना पडद्यावरचे दृश्य मोबाइलमध्ये टिपून पाठवणेही चुकीचे आहे. मूळ फाइल काढून द्यावी आणि ती कोणी काढली याची नोंद ठेवावी, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.

बतावणीला बळी पडणे

सकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठ नागरिकांना गाठून ‘पुढे चोरी झाली आहे, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगणारे, किंवा दागिने उजळून देण्याच्या बहाण्याने दारात येणारे भामटे बळजबरी करत नाहीत. ते समोरच्याचा विश्वास वापरतात. म्हणून घरातील आजी-आजोबांना केवळ ‘सावध राहा’ असे सांगून भागत नाही. रस्त्यात दागिने काढून द्या असे पोलीस कधीही सांगत नाहीत, हे त्यांना ठामपणे सांगितले पाहिजे आणि अशा वेळी जवळच्या दुकानात शिरून 112 क्रमांकावर फोन करण्याची तयारी त्यांच्याकडून करून घेतली पाहिजे. फोनवरून ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे फोनवरच अटक केल्याची, धमकी देणाऱ्यांचा प्रकारही तसाच आहे. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच असतील तर नातेवाइकांची वाट न पाहता ताबडतोब सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वीच ती गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.

गटावर फोटो, हातात काठी

कोणी अनोळखी फेरीवाला दिसला की त्याचे छायाचित्र ‘सावधान, टोळी फिरत आहे’ अशा ओळीसह वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर येते आणि तासाभरात ते दहा गटांत फिरते. पोलिसांना मात्र कोणीच फोन केलेला नसतो. ही चूक जीवघेणी ठरू शकते. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणारे असल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ज्याचे वागणे खरोखर संशयास्पद आहे त्याची वेळ, ठिकाण, वाहन क्रमांक आणि दिशा 112 वर सांगावी. माणसाचा वेश, भाषा किंवा जात हा संशयाचा आधार होऊ शकत नाही.

रंगेहाथ चोर सापडल्यास नागरिकांना त्याला पकडता येते, परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. मारहाण केल्यास गुन्हा मारणाऱ्यांवरही दाखल होतो. पकडलेला अल्पवयीन असेल तर त्याचे छायाचित्र पसरवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

भाडेकरूची केवळ आधार-प्रत

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे, महाविद्यालयांमुळे आणि आता 2027 मधील सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात भाड्याच्या खोल्यांना मागणी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइनही कळवता येते. आधारची प्रत फाइलला लावणे म्हणजे पडताळणी नव्हे.

चोरीनंतरचा पहिला तास

दार फुटलेले पाहून लोक आत धावतात, कपाटे उघडतात, विखुरलेले सामान आवरतात आणि नातेवाइकांना बोलावून घर दाखवतात. तोपर्यंत बोटांचे ठसे आणि श्वानपथकाला लागणारा माग दोन्ही पुसले जातात. बाहेरच थांबून 112 वर फोन करावा.

त्यानंतर हद्दीचा प्रश्न येतो. इंदिरानगर, मुंबई नाका आणि अंबड, किंवा उपनगर आणि नाशिक रोड यांच्या सीमेवरील वसाहतींत आपले पोलीस ठाणे कोणते, हे अनेकांना ठाऊक नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात) माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, मग गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो. माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिली असेल तर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. येथे सर्वाधिक गफलत होते ती अशी, की तक्रार अर्जावर पोचेचा शिक्का मिळाला की गुन्हा नोंदला गेला असे लोक समजतात. अर्जाची पोच आणि प्रथम खबर अहवाल (एफआयआर) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती हातात घेऊन त्यातील वस्तूंची यादी, वजन आणि वेळ वाचून घ्यावी. चोरीला गेलेला मोबाइल ‘गहाळ’ असा लिहिला गेला असेल तर तेथेच दुरुस्ती मागावी. नोंद नाकारली गेल्यास पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे शहरात पोलीस उपायुक्तांकडे, लेखी तक्रार टपालाने पाठवता येते, आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. यासाठी दागिन्यांच्या पावत्या आणि छायाचित्रे, वाहनाचा चेसिस क्रमांक आणि *#06# दाबून मिळणारा मोबाइलचा आयएमईआय क्रमांक घराबाहेर कोठेतरी, एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडे, लिहून ठेवलेला असावा.