माशाच्या तेलाची कॅप्सूल घेताय? या चुका टाळा

डबीवर ठळक अक्षरांत ‘१००० मि.ग्रॅ.’ छापलेलं असतं आणि बहुतेकांचं वाचन तिथेच संपतं. हा आकडा तेलाच्या वजनाचा असतो, ओमेगा-३चा नव्हे. डबी फिरवून मागचा बारीक मजकूर वाचा. ईपीए आणि डीएचए हे माशातल्या ओमेगा-३चे दोन मुख्य प्रकार. साध्या कॅप्सूलमध्ये सहसा ईपीए १८० आणि डीएचए १२० मि.ग्रॅ. असतं. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले ते जेमतेम ३००, बाकी सगळी माशाची इतर चरबी. डॉक्टरांनी ‘रोज एक ग्रॅम ओमेगा-३’ सांगितलं असेल, तर अशा एका कॅप्सूलने त्याचा तिसरा हिस्साही भरत नाही. काही डब्यांवर तर मागचे आकडे दोन कॅप्सूलचे मिळून दिलेले असतात, तेही तपासा. स्वस्त-महाग ठरवताना किमतीला गोळ्यांच्या संख्येने नाही, डबीतल्या एकूण ईपीए-डीएचएने भागा. साठ गोळ्यांची ‘स्वस्त’ डबी मग बऱ्याचदा महाग निघते.

दुसरी गफलत कॉड लिव्हर ऑइलची. लहानपणी त्या पिवळ्या पारदर्शक गोळ्या आपल्यापैकी अनेकांनी खाल्ल्यात, त्यामुळे ‘माशाचं तेल म्हणजे तेच’ असं डोक्यात बसलेलं असतं. पण ते माशाच्या यकृताचं तेल आहे आणि त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं असतात. ओमेगा-३ वाढवायचं म्हणून त्याच गोळ्या दुप्पट-तिप्पट घेतल्या की अ जीवनसत्त्वही तितक्याच पटीने पोटात जातं. ते शरीरात साठतं. गरोदरपणात जास्त झालं तर बाळाला अपाय होऊ शकतो, म्हणून तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी नकोच.

मासळीचे ढेकर येतात, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा गोळी रिकाम्या पोटी, सकाळच्या चहाबरोबर घेतलेली असते. ती मुख्य जेवणात घ्या; जेवणातल्या तेला-तुपाबरोबर ती शोषलीही चांगली जाते. तरी त्रास थांबला नाही तर एक कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या. माशाचा हलका वास चालेल, पण खवट, जुन्या रंगासारखा वास आला तर डबी टाकून द्या. हे तेल हवा, उजेड आणि उष्णता यांनी पटकन खराब होतं. गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर डबी ठेवणारी घरं मी पाहिली आहेत!

शाकाहारी मंडळी जवसावर भिस्त ठेवतात. जवस चांगलंच आहे, पण त्यातलं ओमेगा-३ वेगळं. शरीर त्यातला थोडासाच भाग ईपीएमध्ये बदलतं आणि डीएचएपर्यंत तर फारच कमी पोहोचतं. खरं तर मासाही हे तेल मुळात स्वतः बनवत नाही. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांकडून ते अन्नसाखळीतून त्याच्यापर्यंत येतं. तेव्हा मधला मासा गाळून शैवालाचंच तेल घेता येतं. फक्त कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून बनवलेलं, नाही ना, ते बघा.

‘हार्टसाठी घेतोय’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत (२०१८) रोजच्या एक ग्रॅम कॅप्सूलने हृदयविकार आणि पक्षाघाताचं एकत्रित प्रमाण ठळकपणे कमी झालं नाही. त्याच वर्षीच्या ‘रिड्यूस-इट’मध्ये फायदा दिसला, पण तिथे शुद्ध ईपीएचं औषध रोज ४ ग्रॅम होतं आणि रुग्ण स्टॅटिनवर (कोलेस्टेरॉलच्या गोळीवर) असूनही त्यांचे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, वाढलेले. शिवाय मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. दुकानातली डबी आणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करणं, ही या लेखातली सर्वांत महागात पडणारी चूक. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टर.

मला विचाराल तर मासे खाणाऱ्याने आधी बाजारातल्या टोपलीकडे बघावं. आठवड्यातून दोनदा तेलकट मासा, एवढंच पुरतं. पण इथेही चूक होते: बोंबील कितीही आवडो, तो पाणीदार आणि कमी चरबीचा. ओमेगा-३ हवं तर बांगडा आणि तारली. तारलीत इतकं तेल की पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी ते होड्यांच्या लाकडाला चोपडत. तिला हलकी मासळी म्हणून नाक मुरडणारे तिच्याच तेलाच्या गोळ्या दामदुप्पट मोजून घेतात, याची गंमत वाटते. मात्र रवा लावून भरपूर तेलात तळलीत तर माशाचं तेल कढईत उतरतं आणि कढईतलं माशात शिरतं. तिरफळं घालून केलेलं तिखलं बरं. उतरलेलं तेल निदान रश्शात राहतं.

आणि बर्फ. बांगडा, तारली हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन हे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार होतं. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात आणि आपण म्हणतो, ‘मला बांगड्याची अ‍ॅलर्जी आहे.’ पुष्कळदा दोष त्या दिवशीच्या माशाचा असतो, पण खात्री डॉक्टरांकडूनच करून घ्या. श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा. हिस्टामिन शिजवून किंवा तळून जात नाही. म्हणून बर्फातलाच मासा घ्या, घरी येताच साफ करून फ्रीजमध्ये टाका आणि पहिल्याच घासाला जिभेवर मिरीसारखी चुणचुण जाणवली तर ताट बाजूला सारा.