घरी पोहोचायला खरोखर किती तास लागतात?

परदेशात नव्याने आलेल्या माणसाने, अडीअडचणीला घरी पोहोचायला किती वेळ लागेल, याचा हिशेब निवांतपणी एकदा करून ठेवावा. दोन विमानतळांमधल्या अंतराला विमानाच्या वेगाने भागून मिळणाऱ्या आकड्यावर मात्र विसंबू नये.

संकेतस्थळावर दिसणारे अंतर हे पृथ्वीच्या गोलावरचे किमान अंतर असते. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे असे अंतर सुमारे 15,300 किलोमीटर आहे. ताशी 900 किलोमीटर वेगाने त्याचे सतरा तास होतात, तरी वेळापत्रकात साडेअठरा तासांच्या आसपासचा आकडा असतो, कारण त्यात धावपट्टीपर्यंत जाण्याचा, वर चढण्याचा, उतरण्याचा आणि वळसे घेण्याचा वेळ धरलेला असतो. बंद हवाई हद्द टाळावी लागली तर हा वळसा फारच मोठा होतो. 2022 मध्ये रशियाची हद्द युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. शिवाय उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला जाताना परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. जाण्याचा वेळ पाहून येण्याचा वेळ गृहीत धरू नये, ते इतक्यासाठीच.

तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या त्या विमानतळाच्या स्थानिक घड्याळाच्या असतात. समजा, हिवाळ्यात विमान सिंगापूरहून रात्री बाराला निघाले आणि साडेअठरा तास उडाले, तर ते न्यूयॉर्कला त्याच तारखेच्या पहाटे साडेपाचला उतरेल आणि तिकीट पाहणाऱ्याला प्रवास साडेपाच तासांचाच वाटेल, कारण न्यूयॉर्कचे घड्याळ तेव्हा सिंगापूरच्या तेरा तास मागे असते. उन्हाळ्यात तिथली घड्याळे एक तास पुढे असतात, तेव्हा घड्याळांमधला हाच फरक तेरा तासांऐवजी बारा तासांचा होतो.

सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती मधल्या थांब्याची. दोन तासांपेक्षा कमी थांब्याचे तिकीट मी कुणालाही सुचवत नाही, आणि वयस्कर आईवडील एकटे येणार असतील तर तीन-चार तास हवेतच. पैसे वाचवण्यासाठी दोन वेगवेगळी तिकिटे काढली, तर पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकल्यास त्याची जबाबदारी सहसा कोणतीही कंपनी घेत नाही. सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागू शकते, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. अमेरिकेत तर पुढचे विमान त्याच तिकिटावर असले, तरी सहसा पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन उरकून सामान ताब्यात घ्यावे लागते.

म्हणून घरच्यांना कळवताना विमान उतरण्याची वेळ त्यांच्या घड्याळाप्रमाणे लिहावी, त्यात इमिग्रेशन, सामान आणि पुढच्या रस्त्याचे तास मिळवावेत, आणि विमानाचा क्रमांकही सोबत द्यावा, म्हणजे उशीर झाला तरी त्यांना स्वतःला पाहता येईल.